पहिल्या पायरीचा प्रश्न

हावड्याच्या दिशेने धावणारी गाडी गोंदिया सोडून आमगाव मागे टाकते, तेव्हा धानाच्या सपाट बांध्या हळूहळू सरत जातात आणि झाडी दाट होऊ लागते. मग सालेकसा येते. त्याच्यापुढे दरेकसा, हाजरा फॉलचा डोंगर, बोगदा, आणि बोगद्यापलीकडे छत्तीसगड. महाराष्ट्राच्या नकाशावर पूर्वेची कड जिथे संपते, तिथे हा तालुका आहे. कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज लोटतो, तेव्हा काही दिवस या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येते. एरवी धान, तेंदूपत्ता, मोहफूल आणि नक्षलवाद एवढ्या चार शब्दांत राजधानीची या तालुक्याविषयीची माहिती आटोपते. मुंबईचे विधानभवन येथून लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. लोकसभेसाठी येथील मतदार मत देतो ते गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. म्हणजे जिल्हा गोंदिया आणि खासदार गडचिरोलीचा, अशी त्याची विभागणी.

विधानसभेसाठी सालेकसा तालुका आमगाव मतदारसंघात येतो. या मतदारसंघाने १९९५ च्या युती सरकारला प्रा. महादेवराव शिवणकर यांच्या रूपाने पाटबंधारे आणि अर्थ खात्यांचा मंत्री दिला होता. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ पासून ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. तेव्हापासून चार निवडणुका झाल्या. २००९ मध्ये काँग्रेसचे रामरतन राऊत, २०१४ मध्ये भाजपचे संजय पुराम, २०१९ मध्ये काँग्रेसचे सहसराम कोरोटे आणि २०२४ मध्ये पुन्हा पुराम. या चार निवडणुकांत एकाही विद्यमान आमदाराला सलग दुसऱ्यांदा सभागृहात जाता आलेले नाही. मतदार जागरूक आहे असा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, या सीमावर्ती पट्ट्यात नेतृत्वाची फळी अजून घट्ट रुजलेली नाही; दर पाच वर्षांनी नव्याने शोध घ्यावा लागतो.

हा शोध कुठे घ्यायचा? राज्यघटनेचा १७३ वा अनुच्छेद म्हणतो की, पंचवीस वर्षे पूर्ण केलेला कोणीही नागरिक विधानसभेची निवडणूक लढवू शकतो. आमगावची जागा राखीव आहे. तेव्हा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या गोंड किंवा हलबा शेतकऱ्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाला अथवा मुलीला कायद्याने कोणतीही आडकाठी नाही. कायद्याने दार उघडले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु दारापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या कोणी बांधायच्या, याचे उत्तर कायद्यात नाही. आणि ज्या पायऱ्या होत्या, त्याही गेल्या काही वर्षांत आपल्याच हातांनी उखडल्या गेल्या, हे फारसे कोणी बोलत नाही.

तरुण आमदार म्हटले की आज महाराष्ट्रात एक नाव हटकून घेतले जाते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघातून रोहित पाटील निवडून आले. वय अवघे पंचवीस; सभागृहातील सर्वांत लहान सदस्य. दिवंगत आर. आर. पाटील यांचे ते चिरंजीव. त्यांच्या यशाचे कौतुक सर्वच पक्षांनी केले आणि ते योग्यच होते. मात्र या कौतुकाच्या भरात त्यांच्या वडिलांची कथा पुन्हा एकदा वाचावयास हवी होती, ती कोणी वाचली नाही.

आर. आर. पाटील यांचा जन्म १९५७ चा, तासगाव तालुक्यातील अंजनी गावचा. घरची परिस्थिती बेताची. रोजगार हमीच्या कामावर राबून आणि 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून त्यांनी शिक्षण घेतले, वकिलीची पदवी मिळवली. १९७९ मध्ये ते सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले, तेव्हा त्यांचे वय एकवीस-बावीस वर्षांचे होते. विधानसभेत ते पोहोचले १९९० साली. म्हणजे मधली अकरा वर्षे या तरुणाने रस्त्याची खडी, शाळेच्या खोल्या, विहिरीचे प्रस्ताव आणि ग्रामसेवकांच्या बदल्या यांत घालवली. राजकीय विश्लेषक या काळाचा उल्लेख अर्ध्या वाक्यात करून पुढे जातात. पण १९९९ मध्ये ते ग्रामविकासमंत्री झाल्यावर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभे राहिले आणि गावेच्या गावे हातात झाडू घेऊन बाहेर पडली, त्याचे मूळ या अकरा वर्षांत आहे. सरकारी अनुदानाच्या आमिषावाचून, केवळ चढाओढीच्या आनंदाने गाव कसे कामाला लागते, हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर बसून सुचत नसते. पुढे २००७ मध्ये आलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेविषयीही हेच म्हणता येईल.

त्यांच्या कारकिर्दीतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेले शब्द महाराष्ट्र विसरलेला नाही आणि त्यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले ते उचितच होते. परंतु पुन्हा गृहमंत्री झाल्यावर याच माणसाने गडचिरोलीचे पालकमंत्रिपद आपणहून मागून घेतले, हेही नोंदवले पाहिजे. ज्या जिल्ह्याचे पालकत्व ही शिक्षा मानली जात असे, तो जिल्हा पश्चिम महाराष्ट्रातला एक नेता मागून घेतो, ही साधी बाब नव्हे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी सुमनताई पाटील पोटनिवडणुकीत आणि पुढे २०१९ मध्ये निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये पुत्र.

वडिलांना आमदार होण्यास बत्तीस-तेहतीस वर्षे लागली, मुलाला पंचवीस. यात मुलाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. उलट त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये कवठेमहांकाळ नगरपंचायतीच्या निवडणुकीत रोहित पाटील यांनी प्रचाराची धुरा वाहिली आणि सत्ता मिळवून दाखवली. विधानसभा लढविण्याइतके वय तेव्हा झालेले नव्हते. म्हणजे वारसालाही पहिली परीक्षा द्यावी लागली ती नगरपंचायतीच्याच पटावर. फरक इतकाच की, वारसाला परीक्षेला बसण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. त्याच्यासाठी मांडव आधीच घातलेला असतो. अंजनीच्या ज्या मुलाला मांडव नव्हता, त्याला जिल्हा परिषदेचा गट हाच मांडव होता. तो त्या वेळी नसता, तर?

विदर्भातले उदाहरण घ्यावयाचे तर ते आज राज्याच्या मुख्यमंत्रिपदावरच आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या घरी राजकारण होते, हे खरे. वडील गंगाधरराव विधान परिषदेचे सदस्य, काकू शोभाताई फडणवीस पुढे युती सरकारात मंत्री. आणीबाणीत वडील तुरुंगात असताना 'इंदिरा' नावाच्या शाळेत जाणार नाही असा हट्ट धरणाऱ्या मुलाची गोष्ट नागपुरात सर्वांना ठाऊक आहे. पण वडिलांचे छत्र लवकर हरपले. विद्यार्थी परिषदेचे काम, युवा मोर्चाचे वॉर्डाचे अध्यक्षपद, आणि १९९२ मध्ये रामनगर प्रभागातून महापालिकेत. वय एकवीस-बावीस. १९९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि सत्ताविसाव्या वर्षी नागपूरचे महापौर झाले. शहराच्या इतिहासातील सर्वांत तरुण. १९९९ मध्ये विधानसभा. म्हणजे आमदारकीपूर्वी सात वर्षे गटारे, पथदिवे, पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि स्थायी समितीची अंदाजपत्रके.

अंदाजपत्रकावर बोलणारा आमदार म्हणून त्यांची ओळख पुढे सभागृहात झाली, अर्थसंकल्प सामान्य वाचकाला समजावून देणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्यांच्या राजकारणाशी सहमत नसलेल्यांनाही एवढे मान्य करावे लागते की, आकडे वाचण्याची सवय त्यांना आहे. ही सवय विधिमंडळाच्या ग्रंथालयात लागत नाही. रस्त्यावरचा एक दिवा बंद असतो, नागरिक दारावर थाप मारून जाब विचारतो, आणि त्या दिव्यासाठी कोणत्या लेखाशीर्षात किती पैसा उरला आहे हे नगरसेवकाला शोधावे लागते, तेव्हा ती लागते. २०१४ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्याहून लहान वयात त्या खुर्चीवर बसलेले एकच, शरद पवार. १९६७ मध्ये ते बारामतीचे आमदार झाले तेव्हा सत्तावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती आणि १९७८ मध्ये अडतिशीच्या उंबरठ्यावर असताना ते मुख्यमंत्री झाले. त्यांनी स्वतः ही स्थानिक पायरी ओलांडून उडी घेतली असे म्हणावे, तर त्यांच्या मातोश्री शारदाबाई पवार १९३८ मध्येच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर होत्या. पायरी घरातच होती.

गोंदियाचेही असेच. प्रफुल्ल पटेल यांचे वडील मनोहरभाई पटेल हे या भागातील मोठे प्रस्थ. तरीही प्रफुल्लभाईंच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ गोंदिया नगरपरिषदेच्या अध्यक्षपदाने झाला आणि लोकसभा त्यानंतर, १९९१ मध्ये. जनजाती समाजातील तरुण नेतृत्वाचा विचार करताना नंदुरबारच्या हिना गावित आठवतात. २०१४ मध्ये सव्विसाव्या वर्षी त्या लोकसभेत गेल्या, नऊ वेळा निवडून आलेल्या माणिकराव गावितांना पराभूत करून. विजय मोठा होता. त्यांचे वडील राज्यात मंत्री राहिलेले होते, हेही खरे. घराणेशाहीवर टीका करताना आपल्या आवडत्या पक्षातील घराणी सोडून बोलण्याची जी पद्धत पडली आहे, ती इथे उपयोगाची नाही.

आता मूळ मुद्दा. ज्याच्या घरी मंत्री नाही, आमदार नाही, साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, अशा तरुणाने राजकारणात यायचे कुठून? ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका. याच त्याच्या पायऱ्या. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून या संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि तेथील उमेदवारीचे वय एकवीस ठेवले. विधानसभेपेक्षा चार वर्षे अगोदर. हे अंतर योगायोगाने पडले नसावे. चार वर्षे गाव सांभाळ आणि मग राज्याचा कायदा करायला ये, अशीच त्यात अपेक्षा वाचता येते.

या घटनादुरुस्त्यांआधी महाराष्ट्रात काय चालत असे, हे आज अनेकांच्या स्मरणातून गेले आहे. जिल्हा परिषदांची निवडणूक १९७९ मध्ये झाली, आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षे! आर. आर. पाटील १९७९ मध्ये उभे राहू शकले हे त्यांचे नशीब. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या मुलाला पुढची जिल्हा परिषद निवडणूक पाहायला तिशी गाठावी लागली. हा खेळ थांबावा म्हणूनच घटनेत पाच वर्षांची मुदत लिहिली गेली. तीही इतक्या स्पष्टपणे की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे.

आणि तरीही तोच खेळ पुन्हा झाला. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. प्रथम करोनाची साथ, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचे बदल, मग न्यायालयाचा 'जैसे थे' आदेश. मुंबई, पुणे, नागपूर येथील महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. बहुतेक जिल्हा परिषदा त्याच सुमारास प्रशासकांच्या हाती गेल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींचे आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांचे मतदान झाले. सर्व पक्षांनी न्यायालयाच्या निर्णयाचे स्वागत केले. निवडणुका होऊ नयेत असे जणू कोणालाच वाटत नव्हते!

या काळाचा हिशेब मांडला तर तो असा पडतो. एप्रिल २०२० मध्ये संभाजीनगरात एकवीस वर्षांचा असलेला तरुण पहिल्यांदा नगरसेवकपदासाठी उभा राहू शकला तेव्हा सत्तावीस वर्षांचा झाला होता. ज्या वयात फडणवीस दुसऱ्यांदा निवडून येऊन महापौर झाले, त्या वयात या तरुणाने पहिला अर्ज भरला. मधल्या काळात तो काय करत होता? कोणाच्या तरी वाढदिवसाचे फलक लावत होता, कोणाच्या तरी गाडीमागून फिरत होता, समाजमाध्यमांवर कोणाच्या तरी बाजूने भांडत होता. कार्यकर्ता म्हणून त्याचा वापर झाला, मात्र मतदाराने त्याची पारख करण्याचा प्रसंग आलाच नाही. निवडणूक नसली की पक्षात मोठे होण्याचा मार्ग नेत्याच्या मर्जीतून जातो, आणि मर्जीत वाढलेल्या माणसाला मतदाराकडे पाहण्याची सवय राहत नाही.

या काळात राज्यात महाविकास आघाडीचेही सरकार होते आणि महायुतीचेही. प्रशासकाच्या राजवटीत आमदाराचे वजन वाढते, निधीवर त्याचा हात राहतो, नगरसेवकाची मध्यस्थी उरत नाही. ही सोय कोणत्याही सत्ताधाऱ्याला नकोशी नव्हती. ज्यांच्या नेत्याची घडण प्रभागात झाली, त्यांनी तरी ही वर्षे शांतपणे जाऊ द्यावयास नको होती. हे परखडपणे सांगण्याची जबाबदारी विरोधकांपेक्षा हितचिंतकांवर अधिक आहे.

दुसरी एक पायरी तर त्याही आधी मोडली. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराला कंटाळून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत आणली. कारण समजण्यासारखे होते. पुढे २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांना पुन्हा जागा दिली, पण प्रत्यक्षात त्या पुढे पुढेच ढकलल्या गेल्या. तीन दशकांच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात मतपेटी पाहिली नाही. सालेकसा-आमगावच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाला भाषण करता येते का, चार विरोधी मते ऐकून घेता येतात का, हरल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसता येते का, हे कोणी तपासलेच नाही.

अलीकडे यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: उमेदवारीचे वय कमी करा. ऑगस्ट २०२३ मध्ये सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने तशी शिफारस केली. मत देण्याचे वय अठरा, मग उमेदवारीचेही अठरा का नसावे, हा त्यामागचा तर्क. निवडणूक आयोगाला तो पटला नाही. योगायोग असा की, त्याच वर्षी जूनमध्ये मेक्सिकोने आपल्या संघीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी हे वय एकवीसवरून अठरावर आणले.

मेक्सिकोचे उदाहरण या संदर्भात मुळातून पाहण्यासारखे आहे. त्या देशात बत्तीस घटकराज्ये आहेत आणि प्रत्येकाचे स्वतंत्र विधिमंडळ आहे. तेथील राज्याच्या आमदाराची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. १९३३ पासून तेथे असा दंडक होता की, त्याच पदावर लगेच पुन्हा निवडणूक लढवता येत नाही. हेतू उदात्त, कोणी खुर्चीला चिकटून बसू नये. पण परिणाम काय झाला? तीन वर्षे संपली की तरुण आमदाराला दुसरे पद शोधणे भाग पडे. नगराध्यक्षपद, संघीय संसद, पक्षाचे पद, एखादे सरकारी महामंडळ. ते पद मतदार देत नसे, पक्षाची तिकिटे वाटणारा देत असे. तेव्हा मतदाराला खूश ठेवण्यात अर्थ कोणता? एका पदावरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्या अशा पुढाऱ्यांना तेथील लोक 'चापुलिन' म्हणतात; म्हणजे नाकतोडा. २०१४ च्या घटनादुरुस्तीने पुन्हा उभे राहण्याची मुभा दिली, ती २०१८ पासून अमलात आली. आणि आता २०२५ च्या दुरुस्तीने २०३० पासून ती पुन्हा काढून घेण्याचे ठरले आहे. वय अठरावर आणले, पण निवडून आलेल्या तरुणाने आपल्याच मतदारापुढे कामाचा हिशेब घेऊन पुन्हा उभे राहण्याची वाट बंद केली. आपल्याकडे वाट बंद झाली ती आरंभाला, त्यांच्याकडे पहिल्या मुक्कामावर. दोन्हीकडे तरुण माणूस मतदाराऐवजी नेत्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

मेक्सिकोची दुसरी गोष्ट सालेकसाला अधिक जवळची आहे. २०२४ च्या निवडणुकीत त्या देशात तीसहून अधिक उमेदवार आणि इच्छुक मारले गेले. त्यांतील बहुतेक स्थानिक पदांसाठी उभे होते. अमली पदार्थांच्या टोळ्यांना देशाच्या अध्यक्षापेक्षा गावचा नगराध्यक्ष अधिक अडचणीचा वाटतो. पोलीस ठाणे, रस्ता आणि जमीन त्याच्या कक्षेत असते.

हे तर्कशास्त्र गोंदिया-गडचिरोलीला शिकवावे लागत नाही. नक्षलवाद्यांनी मुंबईच्या मंत्र्यांना पत्रके लिहिली, पण गोळ्या झाडल्या त्या सरपंचांवर, पोलीस पाटलांवर, पंचायतीच्या सदस्यांवर. २०१२ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात अनेक ग्रामपंचायत सदस्यांनी दहशतीपोटी राजीनामे दिले. दरेकसा हे नाव नक्षलवाद्यांनी आपल्या एका दलमला दिलेले होते. म्हणजे ज्या स्थानकावरून शाळकरी मुले सहलीला हाजरा फॉलला जातात, त्याच नावाने जंगलात बंदूक फिरत होती. जनजाती समाजाचा प्रतिनिधी कोण, हे मतपेटी ठरवील की बंदूक, असा तो सामना होता. ग्रामपंचायतीचा एकवीस वर्षांचा सदस्य हा त्या सामन्यातला पहिला शिपाई होता आणि त्याला कोणी शौर्यपदक दिले नाही.

आज चित्र पालटले आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी गोंदिया जिल्ह्यात अकरा माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या क्षेत्राचा प्रवक्ता म्हणून पत्रके काढणारा अनंत त्यांत होता. त्यानंतर आठवडाभराच्या आतच, डिसेंबरच्या आरंभी, सालेकसा नगरपंचायतीसाठी मतदान झाले. या दोन बातम्या एकमेकींशेजारी छापल्या गेल्या नाहीत. छापावयास हव्या होत्या.

कारण बंदूक गेल्यावर जी जागा रिकामी होते, ती आपोआप लोकशाहीने भरत नाही. ठेकेदार तिथे लवकर पोहोचतो. तेंदूपत्त्याचा व्यापारी पोहोचतो. धान खरेदी केंद्रावरचा दलाल पोहोचतो. ग्रामपंचायतीचा सदस्य जर कागद वाचणारा, प्रश्न विचारणारा आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा याच लोकांसमोर उभे राहायचे आहे याची जाणीव ठेवणारा असेल, तरच त्या जागेवर गावाचा अधिकार राहतो. शेजारच्या आमगावात नगरपरिषदेत आठ गावे समाविष्ट करण्याचा वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे तेथे निवडणूकच झाली नाही. ना धड गाव, ना धड शहर. घरकुल कोणत्या योजनेतून मिळावे, रोजगार हमी लागू आहे की नाही, याची उत्तरे मिळेनात, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी मध्य प्रदेशात सामील होण्याची भाषा केली. ही भाषा रागाची होती, हे मान्य. पण महाराष्ट्राच्या सीमेवरच्या नागरिकावर ती बोलण्याची वेळ यावी, याची लाज सीमेपासून हजार किलोमीटरवर बसणाऱ्यांना किती वाटली?

सरपंचपदाविषयीही हीच धरसोड. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असण्याची अट आली, आणि शिकलेले अनेक तरुण-तरुणी पुढे आले. सरकार बदलले, २०२० मध्ये थेट निवड रद्द. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले, थेट निवड पुन्हा लागू. मुंबईतल्या सत्तांतराचा धक्का पिपरियाच्या चावडीला बसावा, याला धोरण म्हणत नाहीत. थेट निवड चांगली की सदस्यांतून निवड चांगली, यावर दोन मते होऊ शकतात. पण नियम दर अडीच वर्षांनी बदलत राहिला तर गावातला शहाणा मुलगा असा विचार करतो की, यापेक्षा पोलीस भरतीची तयारी केलेली बरी.

आणि तो पोलीस भरतीची तयारी करतोच. सालेकसा तालुक्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले दिसतात, ती त्यासाठीच धावत असतात. त्यात वाईट काही नाही. पण त्यांतल्या एखाद्याला असे वाटावे की, आपल्याला विधानसभेपर्यंतही धावता येईल, अशी व्यवस्था पक्षांनी उभी केली आहे का? राखीव मतदारसंघात उमेदवार शोधण्याची मोठ्या पक्षांची रीत अजूनही अशी की, निवडणुकीच्या सहा महिने आधी निवृत्तीला आलेला अधिकारी, माजी आमदाराचा नातेवाईक किंवा दुसऱ्या पक्षातला नाराज, यांच्या घरी फेऱ्या सुरू होतात. आरक्षित जागा ही जणू भरून काढायची रिकामी जागा. तिथे घडवलेला माणूस हवा, ही निकड कोणाला भासत नाही. जनजाती भागात वसतिगृहे, एकल विद्यालये आणि आरोग्यसेवेची कामे वर्षानुवर्षे निष्ठेने चालवणारे अनेक कार्यकर्ते आहेत. त्यांनी शिकवलेली मुले शिक्षक झाली, वनरक्षक झाली, परिचारिका झाली. ती ग्रामपंचायतीत किती गेली, हा प्रश्न त्या कामाच्या वार्षिक बैठकीत विचारला जावा, असे म्हणणे अतिरेकाचे होणार नाही.

गोंदिया जिल्हा परिषदेची गेली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली होती, तीही दीड वर्ष प्रशासक राहिल्यानंतर. नवे पदाधिकारी मे २०२२ मध्ये आले. त्या हिशेबाने या जिल्हा परिषदेची पाच वर्षे २०२७ च्या उन्हाळ्यात भरतात. विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. सालेकसा तालुक्यातला जो तरुण किंवा तरुणी २०२७ मध्ये तेवीस वर्षांची असेल, तिला जिल्हा परिषदेच्या एका गटातून उभे राहून, दोन वर्षे काम दाखवून, पंचविसाव्या वर्षी आमगावमधून उमेदवारी मागता येईल. त्यासाठी २०२७ ची निवडणूक २०२७ मध्येच व्हावी लागेल.